ठोके वाटणारा बुवा

“लागते का नाडी?”

“नाही.”

“नीट बघा. घाई करू नका,” ठोकेबुवा म्हणाला.

“नाही लागत हो! गेली... नाडी गेली!”

हे शेवटचं ड्रायव्हरदादा इतक्या जोरात ओरडले की मागच्या रांगेतल्या एका आजींच्या हातातली पिशवी खाली पडली. शंभर-सव्वाशे माणसं जागच्या जागी थिजली. समोर लाकडी मंचावर ठोकेबुवा मांडी घालून बसला होता. डोळे मिटलेले, उजवा हात पुढे केलेला आणि त्या मनगटावर ड्रायव्हरदादांची दोन बोटं. नाडी बंद आणि माणूस मात्र ताठ बसलेला, ओठांवर मंद हसू.

मिनिटभराने बुवाने खोल श्वास घेतला. “आली! परत आली!” म्हणत ड्रायव्हरदादा हुंदके द्यायला लागले. मग सगळेच रडायला लागले. मीही रडले, खोटं कशाला सांगू?

ही जागा म्हणजे एक बंद पडलेली व्यायामशाळा. वजनं, सायकली सगळं मालकाने विकून टाकलेलं, तीन भिंतींवरचे मोठाले आरसे तेवढे राहिलेले. त्यामुळे एक बुवा चारही बाजूंनी दिसायचा, आणि शंभर माणसं चारशे वाटायची. मंचाशेजारी एका टेबलावर काचेची भलीमोठी बरणी होती. तिच्यात गोळ्या होत्या. पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या, अर्धी पाकिटं, अख्खी पाकिटं. लोकांनी स्वतःच्या हाताने टाकलेली औषधं.

“माणूस ठरावीक ठोके घेऊन जन्माला येतो,” बुवा सांगायचा. आवाज असा मऊ, की तापल्या कपाळावर ओला कपडा ठेवावा. “तुमचे संपत आले. माझे साधनेने साठलेत. मी एक मिनिट थांबतो, तुम्ही एक वर्ष चालता. पण या हृदयाला गोळ्यांची कुबडी देऊ नका रे! कुबडी घेतलेला पाय कधी चालायला शिकलाय का?”

एका मिनिटाचं वर्ष कुठल्या गणिताने होतं, हे कुणीही विचारलं नाही. आणखी एक गोष्ट तो फार हुशारीने म्हणायचा. “नाडी बघायला मला डॉक्टर नको, नर्स नको. ज्याचं काळीज दुखलंय, त्यानेच पुढे यावं.”

इथेच आमची शिकार झाली. कशी, ते सांगते.

मी कटिंगचं काम करते. गणवेश, डॉक्टरांचे एप्रन, सिस्टरांचे कोट शिवणाऱ्या कारखान्यात सव्वीस वर्षं माझ्या हातात कातर आहे. चार महिन्यांपूर्वी कापडाचा सोळा पदरी थर कापताना छातीत कुणीतरी गुडघा रोवल्यासारखं झालं. कातर हातातून सुटली. शुद्धीवर आले तेव्हा हृदयाच्या नळ्यांत दोन जाळ्या बसवलेल्या होत्या, आणि पडद्यापलीकडच्या खाटेवरून एक पुरुषी आवाज विचारत होता, “तुमच्या किती? माझी एक.” हे ड्रायव्हरदादा. एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले, एकटे राहणारे, मुलगी लांब परदेशी.

घरी आल्यावर जी भीती बसली, तिच्याबद्दल दवाखान्यातून मिळालेल्या कागदात एकही ओळ नव्हती. उशीवर कान टेकला की ठोके ऐकू यायचे, मग मी ते ऐकत बसायची, आणि एखादा मागेपुढे झाला की घाम फुटायचा. जिना चढताना प्रत्येक पायरी शेवटची वाटायची. नणंद येऊन सांगून गेली, “वहिनी, ताण घ्यायचा नाही हं!” ती गेली, ताण राहिला. आमचे हे पोस्टात आहेत. ते दिवसातून पाच वेळा ऑफिसातून फोन करायचे आणि मी उचलला की काय बोलावं ते न सुचून गप्प राहायचे. घरात एकाला आजार होता आणि भीती दोघांना होती.

माझ्याशी खरं बोलायचे ते एकटे ड्रायव्हरदादा. रोज चारला त्यांचा फोन यायचा. “ताई, आज मला वाटलं आता जातोच.” “मलाही, सकाळी.” “बरं. मग ठीक आहे.” एवढं बोलून आम्हाला उतार पडायचा.

तपासणीला जायचो तेव्हा तिथल्या सिस्टरने आम्हा सगळ्यांना नाडी मोजायला शिकवलं होतं. दोन बोटं मनगटावर, अर्धा मिनिट, आकडा दुप्पट करायचा. आम्ही पट्टीचे विद्यार्थी निघालो. रांगेत, बसस्टॉपवर, कुणाशी बोलता बोलता आमची बोटं आपसूक मनगटावर जायची. तीन महिन्यांत आम्हाला बोटांचा गर्व झाला. बाकी कशात फसू, नाडीत फसणार नाही! बुवाला नेमकी हीच माणसं हवी होती. आम्हाला मनगटाची नाडी येत होती, आणि नाडी म्हणजे मनगट एवढंच आम्हाला येत होतं.

ड्रायव्हरदादा आधी एकदा जाऊन आले होते आणि गोळ्या बरणीत टाकून मोकळे झाले होते. मला घेऊन गेले त्या दिवशी बाहेर पडताना म्हणाले, “आठ दिवस झाले गोळी सोडून. बघा कसा दिसतोय!” दिसत खरंच छान होते. चेहऱ्यावरची ती धास्तावलेली कळा गेली होती.

आता माझी लाज सांगते. वर्तमानपत्रातलं राशिभविष्य मोठ्याने वाचून हसणारी मी, बुवाबाबांच्या नावाने कारखान्यात खडे फोडणारी मी, घरी आले आणि गोळ्यांची डबी उघडून तशीच मिटली. बरणीत नाही टाकल्या, पण पोटातही नाही घातल्या. दोन दिवस. यांना सांगितलं, घेतल्या. मला अक्कल नव्हती असं नाही. मी घाबरलेली होते, आणि घाबरलेल्या माणसाला कुणीतरी ठामपणे बोललेलं हवं असतं.

तिसऱ्या दिवशी कारखान्यात एप्रनांचा एक गठ्ठा परत आला. तक्रार, ‘बगलेत ओढतं.’ मी एक एप्रन इस्त्रीवाल्याच्या अंगावर चढवला आणि हात पुढे करायला लावला. बगलेत कापड अडलं की चुण्या छातीकडे पळतात, तशा पळाल्या. मी खडूने खूण करायला वाकले आणि वाकलेलीच राहिले.

अशाच चुण्या मी पाहिल्या होत्या. बुवाचा झगा चांगला ढगळ होता. अशा ढगळ झग्यात बगलेत ओढ बसायचं काही कारणच नाही. पण ड्रायव्हरदादा ‘गेली’ म्हणाले त्या क्षणी, बाजूच्या आरशात, बुवाच्या उजव्या बगलेतून छातीकडे तीन चुण्या ताणल्या गेल्या होत्या. ‘आली’ म्हणाले तेव्हा त्या सुटल्या. डावी बाजू सपाट होती. तेव्हा डोळ्यांनी पाहिलं होतं, डोक्याने नाही.

“बाई, हात खाली घेऊ का?” इस्त्रीवाला विचारत होता.

“घे बाबा, घे,” म्हटलं, आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून घर गाठलं.

हे संध्याकाळी आले तसं त्यांना खुर्चीवर बसवलं. कापडाच्या चिंध्यांचा घट्ट गोळा करून उजव्या बगलेत धरला, वरून ओढणी घेतली, हात पुढे केला. “नाडी बघा.”

“का? काही होतंय का तुला?”

“काही होत नाहीये. बघा.”

त्यांनी बोटं ठेवली. “आहे की.” मी कोपर अंगाशी घट्ट दाबलं. यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. “अगं... अगं लागत नाहीये! थांब, हलू नकोस, शेजाऱ्यांना बोलावतो!” दारापर्यंत पोचले होते, मी मागून ओढून आणलं आणि गोळा हातात दिला. मला हसू फुटलं. मग त्या हसण्याचं रडू झालं. रडतच मी यांना दोन दिवसांचं खरं सांगितलं. त्यांनी उठून पाणी आणलं आणि डबी उघडून समोर धरली.

सिस्टरला फोन लावला. ती म्हणाली, “बगलेतूनच हाताकडे रक्तवाहिनी जाते. ती दाबली की मनगटाला नाडी लागत नाही. हृदय आपलं चालूच असतं. मानेवर बोट ठेवलं असतं तर लगेच कळलं असतं. मीच तुम्हाला मनगटापुरतं शिकवलं.” मग विचारलं, “ड्रायव्हरकाकांना गोळी सोडून किती दिवस झाले?”

“अकरा.”

“त्यांना आत्ता फोन करा. जाळी बसवल्यावर गोळी अशी मध्येच बंद केली तर तिथे रक्ताची गुठळी धरू शकते. आणि धरली तर ती वेळ देत नाही.”

ड्रायव्हरदादांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ताई, मी माझ्या बोटांनी पाहिलंय.”

“मीही यांना माझ्या बगलेत...”

“उद्या सकाळी दहाला बुवा मला ठोके देणार आहेत. तुम्ही जरूर या. पण डोकं घरी ठेवून या.” आणि फोन ठेवून दिला.

सकाळी आम्ही दोघं गेलो. सिस्टरने ड्यूटी संपली की येते म्हणून सांगितलं होतं. हॉल गच्च भरला होता. ड्रायव्हरदादा मंचावर चढले, तेव्हा त्यांचं कपाळ घामाने चमकत होतं. गर्दीमुळे असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

“आज हा माणूस पुन्हा जन्माला येईल,” बुवा म्हणाला. हात पुढे केला. दादांनी दोन बोटं ठेवली. आरशात तीन चुण्या ताणल्या गेल्या.

“नाही लागत,” दादा पुटपुटले. आणि त्यांचा डावा हात छातीवर गेला. “बुवा, दाबतंय. इथे दाबतंय.”

बुवाने डोळे उघडले नाहीत. “जुने ठोके बाहेर पडताहेत. कुणी हलायचं नाही, कुणी हात लावायचा नाही! मध्ये खंड पडला तर याचा जीव जाईल.”

कुणी हललं नाही. दादांच्या हनुवटीवरून घामाची धार लागली होती आणि शंभर माणसं हात जोडून ती बघत होती. मला ते दुखणं माहीत होतं, तो गुडघा माझ्या छातीत रोवला गेलेला होता. तरी मी उठले नाही. चिंध्यांच्या गोळ्याने स्वतः नाडी थांबवून दाखवलेली मी, तीही बसून राहिले. खरंच खंड पडला तर? माझ्या हाताने हा माणूस मेला तर? भीती अशी असते. सगळं ठाऊक असलेल्यालाही ती जागेवर खिळवते.

यांनी माझा दंड धरला. “जा,” म्हणाले. “मी दवाखान्याच्या गाडीला फोन करतो.” आयुष्यभर सावलीला घाबरणारा माणूस, पण त्या दिवशी त्याचा आवाज कापला नाही.

मी मंचावर चढले. कानात माझेच ठोके धडधडत होते. दादांचा छातीवरचा हात धरला, ओला आणि गार, आणि बुवाच्या मानेवर जबड्याखाली टेकवला. “दादा, इथे बघा.”

दादांची नजर वर आली. ओठ हलले. “चालू आहे,” ते म्हणाले. “इथे चालू आहे. धावतेय.”

“बाई, खाली उतर! भस्म होशील!” बुवाचा मऊ आवाज कुठल्या कुठे गेला होता.

“हात वर करा, बुवा.”

तो कशाला करतोय! पण मी हजारो माणसांची मापं घेतली आहेत. लाजणाऱ्याचा, गुदगुल्या होणाऱ्याचा, न ऐकणाऱ्याचा हात कोपराखाली कुठे धरून उचलायचा, ते मला शिकवावं लागत नाही. उचलला. कापडात गुंडाळलेला रबरी चेंडू झग्यातून निसटून मंचावर आपटला, दोन उड्या मारून घरंगळत पहिल्या रांगेच्या पायाशी गेला. तीनही भिंतींच्या आरशांत तो घरंगळताना दिसला.

दादा खाली बसले. बसले म्हणजे कोसळलेच.

पुढचं तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. सिस्टर दारातून धावत आली, गर्दी ढकलत वर चढली, दादांना कशी तरी एक गोळी चघळायला लावली. कुणीतरी चेंडू उचलून नुसतंच दाबून बघत होतं. पिशवीवाल्या आजी माझ्यापुढे येऊन किंचाळल्या, “तू हात लावलास! तुझ्यामुळे खंड पडला!” आणि बऱ्याच माना त्यांच्या बाजूने हलल्या. चेंडू डोळ्यांदेखत पडला होता, तरी हलल्या. बुवा मागच्या कपडे बदलायच्या खोलीतून पसार झाला. बरणी तिथेच राहिली. त्या गोळ्यांचं तो काय करायचा, ते मला आजही नक्की माहीत नाही. न फोडलेल्या पाकिटांना बाजारात गिऱ्हाईक असतं एवढं कळतं.

त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर मी जितकी घाबरले, तितकी माझ्या स्वतःच्या झटक्यातही घाबरले नव्हते. दादा गेले असते तर माझा मित्र गेला असता, हे तर होतंच. पण दादा गेले असते तर बुवा जिंकला असता. शंभर माणसं घरी जाऊन सांगणार होती, त्या बाईने खंड पाडला. बरणी पुन्हा भरायला लागली असती. पाच तासांनी डॉक्टर बाहेर आले. जाळीत गुठळी धरली होती, ती काढली. “अजून अर्धा तास उशीर झाला असता तर...” एवढं बोलून त्यांनी वाक्य सोडून दिलं.

चौथ्या दिवशी दादांनी मला भेटायला बोलावलं. मी हसत आत गेले, ते हसले नाहीत.

“तुम्ही बरोबर होता, ताई,” ते म्हणाले. “मी मूर्ख ठरलो. ते जाऊ दे. पण आता भीती वाटली की मी जायचं कुठे? तिथे मला बरं वाटायचं हो. चेंडू खोटा होता, बरं वाटणं खोटं नव्हतं.”

माझा राग बुवावर होता, आणि त्या रागात मी हे पाहिलंच नव्हतं की तिथे येणारे लोक चमत्कार बघायला कमी आणि एकमेकांशेजारी बसायला जास्त येत होते. सिस्टर सलाईन बघत उभी होती. ती म्हणाली, “काका, शांत बसलात, सावकाश श्वास घेतला, कुणीतरी हात धरला, की घाबरलेलं हृदय जरा दमाने चालतं. त्याला बुवा लागत नाही. माणसं लागतात. गोळी मात्र तिच्या जागी लागतेच.”

कारखान्याला रविवारी सुट्टी असते. मालकाकडून किल्ली मागून घेतली, कटिंगचं लांब टेबल मोकळं केलं आणि व्यायामशाळेत ओळखीच्या झालेल्यांना निरोप धाडले. पहिल्या रविवारी नऊ जण आले. जो तो स्वतःची नाडी मोजत बसला. शेवटी मीच म्हटलं, “मी न्हाणीघराची कडी लावत नाही. आत पडले तर दार फोडावं लागू नये म्हणून.”

“मीपण नाही लावत,” एक शिक्षक म्हणाले. मग आणखी दोघं. चौथी एक तरुण मुलगी, जन्मापासून हृदयाला छिद्र असलेली. ती हसली आणि म्हणाली, “मी लावते, पण गाणं म्हणत राहते. गाणं थांबलं की आईने धावायचं.” त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो. भीती गेली नाही, ती आजही आहे. पण नऊ जणांत वाटल्यावर ती प्रत्येकाच्या वाट्याला उचलण्याएवढी आली.

आता आम्ही तेवीस आहोत. सिस्टर एक रविवार सोडून येते. डॉक्टरांना काय विचारायचं ते आम्ही घरून लिहून नेतो आणि ते वैतागले तरी पुन्हा विचारतो. कुठली गोळी कशासाठी, कधीपर्यंत, आणि सोडायची झाली तर कुणाला विचारून, हे आमच्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. पिशवीवाल्या आजी अजून आलेल्या नाहीत. असं ऐकलं की बुवा दुसऱ्या गावी बसतो आणि तिथे आता आरसे नाहीत.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. छातीत भीती बसली असेल तर लाजू नका, चारचौघांत बोला. बोलायला जागा नसेल तर एखादं टेबल तुम्हीच मोकळं करा. पण तुमच्या भीतीवर इलाज म्हणून जो तुमची गोळी मागतो, तो तुमचा जीव मागतोय.

परवा चार नवी माणसं आली. ड्रायव्हरदादांनी त्यांना नाडी बघायला शिकवली. दोन्ही मनगटांवर, मग मानेवर, मग सिस्टरकडून घेतलेली ठोके ऐकायची नळी लावून थेट छातीवर. एक जण भारावून म्हणाला, “काका, तुम्ही सांगताय म्हणजे खरंच असणार.”

दादा एकदम चिडले. “मी सांगतोय म्हणून कशाला?” म्हणाले. “याच बोटांनी मी मरत होतो. तुझी बोटं लाव, दुसऱ्याला लावायला सांग, मग ठरव. आणि जो लावू देत नाही ना, त्याच्यासमोरून तिथल्या तिथे उठ.”